शुल्क शून्य, तरी ट्रक उभा: ब्रेक्झिटमध्ये नेमकं काय तुटलं?

आजचा विषय ब्रेक्झिट. "आता? एवढ्या वर्षांनी?" असं कुणीतरी म्हणणारच. पण माझ्या मते हा विषय समजून घ्यायची खरी वेळ आत्ता आलीय. २०१६ ते २०२० या काळात जे बोललं जात होतं ते सगळे अंदाज होते, दोन्ही बाजूंचे. आता करार छापून झालेत, ट्रक अडकून झालेत, कोर्टाचे निकाल लागलेत. त्यामुळे कॅमेरून काय म्हणाले, जॉन्सन काय म्हणाले हे आज बाजूला ठेवू. एखादा देश अशा संघातून बाहेर पडतो तेव्हा कायद्यात आणि व्यापारात प्रत्यक्ष काय बदलतं, एवढंच बघू.

सुरुवात हापूसपासून करतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यांवर आणि वांगी, कारली, पडवळ, अळू या चार भाज्यांवर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती. ऐन सीझनमध्ये बंदी! लंडन आणि लेस्टरमधल्या दुकानदारांनी आरडाओरडा केला, ब्रिटिश संसदेत विषय गेला. पण लंडनच्या सरकारला मनात आणलं असतं तरी ती बंदी एकट्याने उठवता आली नसती, कारण वनस्पतींच्या किडीबाबतचे नियम सगळ्या संघासाठी मिळून ठरतात. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तीही ब्रुसेल्समधूनच.

आता याची दुसरी बाजू बघा. हा निर्णय ब्रुसेल्समध्ये का होत होता? कारण लंडनला उतरलेली आंब्याची पेटी पुढे पॅरिसला, माद्रिदला, कुठेही जाऊ शकत होती. वाटेत कुणी उघडणार नाही, कुणी कागद मागणार नाही. एका दारावर नीट तपासणी झाली की आतल्या सगळ्या खोल्या मोकळ्या. हा सौदा आहे. स्वतःचा नियम स्वतः करायचा हक्क थोडा सोडायचा आणि बदल्यात आतल्या दारांवरची तपासणी बंद. ब्रेक्झिटच्या भांडणात एका बाजूने फक्त पहिला भाग सांगितला, दुसऱ्या बाजूने फक्त दुसरा.

या सौद्याचा कायदेशीर पाया समजायला एक जुना खटला फार उपयोगी आहे. फ्रान्समध्ये कासिस द दिजाँ नावाचं काळ्या करंट्सचं गोडसर मद्य मिळतं, त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीचा नियम असा, की फळांच्या असल्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. म्हणजे दारू पुरेशी कडक नाही म्हणून विकायला बंदी! जर्मन आयातदार कोर्टात गेला आणि १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की एका सदस्य देशात जी वस्तू कायदेशीरपणे बनते आणि विकली जाते, ती दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवायची नाही. म्हणजे वस्तू चांगली आहे असं गृहीत धरायचं. अडवायचं असेल तर कारण अडवणाऱ्याने द्यायचं.

हे "गृहीत धरणं" लक्षात ठेवा. कारण ब्रिटन बाहेर पडला तेव्हा तुटलं ते हेच. आत असताना तुमचा माल, तुमची डिग्री, तुमचं लायसन्स, तुमचा डेटा ठीक आहे असं समोरचा धरून चालतो. बाहेर पडल्यावर प्रत्येक वेळी तुम्ही सिद्ध करायचं. माल तोच, कारखाना तोच, पण पुरावा देण्याचा भार तुमच्यावर.

तारखा पटकन सांगून टाकतो. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला आत गेला. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं. पण सार्वमताने कायद्याने काहीच होत नाही. बाहेर पडण्याची वाट युरोपीय संघाच्या करारातल्या ५० व्या कलमात आहे. नोटीस द्यायची आणि मग दोन वर्षांचं घड्याळ सुरू. ही नोटीस पंतप्रधान स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात का, की संसदेचा कायदा लागतो, यावरच पहिलं मोठं भांडण झालं. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला की संसद हवी, कारण बाहेर पडल्यामुळे नागरिकांचे कायद्याने मिळालेले हक्क जाणार होते आणि ते संसदेनेच काढून घ्यावे लागतात. २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली, मुदत तीनदा वाढली, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. त्यानंतरचे अकरा महिने जुनेच नियम चालू ठेवले. म्हणजे खरा फरक जाणवायला लागला तो १ जानेवारी २०२१ पासून.

आता कायद्यांचं काय झालं ते बघू. हा भाग सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. ४७ वर्षं ब्रिटनच्या कायद्यात युरोपचे नियम थेट येत होते. खेळण्यांची सुरक्षितता, औषधं, विमानप्रवाशांची भरपाई, कामाचे तास, सगळं. एका रात्रीत ते काढलं असतं तर हजारो ठिकाणी भोकं पडली असती. म्हणून २०१८ च्या कायद्याने एकच केलं. जे आहे ते सगळं कॉपी करून ब्रिटिश कायदा म्हणून ठेवलं. थोडक्यात, रेपो फोर्क केली.

आणि फोर्क करणाऱ्या प्रत्येकाला जे पुढे भोगावं लागतं तेच इथे झालं. फोर्क करायला एक क्लिक लागतो, सांभाळायला माणसं लागतात. २०२२ मध्ये सरकारने असं विधेयक आणलं की या कॉपी केलेल्या नियमांपैकी जे कुणी मुद्दाम वाचवणार नाही ते २०२३ च्या शेवटी आपोआप रद्द. मग लक्षात आलं की एकूण नियम किती आहेत याचीच यादी पक्की होत नाहीये. मे २०२३ मध्ये माघार घेतली आणि रद्द करायच्या सुमारे ६०० नियमांचीच यादी केली, त्यातले बरेच आधीच मेलेले. बाकीचे बरेचसे अजून चालू आहेत.

तीच गत सीई खुणेची. तुमच्या चार्जरवर, खेळण्यांवर सीई असं छापलेलं असतं ना, ते. ब्रिटनने तिच्या जागी स्वतःची यूकेसीए खूण काढली. कंपन्यांनी विचारलं, एकाच किटलीवर दोन खुणा, दोन चाचण्या, कशासाठी? तारीख पुढे ढकलत ढकलत ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की बहुतेक वस्तूंसाठी सीई खूण बेमुदत चालेल. वेगळा नियम करायचा हक्क मिळाला, पण तो वापरायला कारखानदारच तयार नव्हता.

आता व्यापार. २४ डिसेंबर २०२० ला करार झाला. बाराशेहून जास्त पानं, आणि लागू व्हायला एक आठवडा. घाईचा पुरावा करारातच आहे. डीएनए आणि बोटांच्या ठशांची माहिती एकमेकांना कशी पाठवायची या परिशिष्टात "आधुनिक" ईमेल सॉफ्टवेअर म्हणून नेटस्केप कम्युनिकेटरचं नाव आहे! एन्क्रिप्शनसाठी शा-वन आणि १०२४ बिटचं आरएसए. २०२० मध्ये. २००८ च्या एका युरोपीय कायद्यातून कुणीतरी कॉपी-पेस्ट केलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं सांगायचं तर धीर आला, की हे फक्त आपल्याच ऑफिसात होत नाही.

तर या कराराची हेडलाइन होती शून्य शुल्क, शून्य कोटा. ऐकायला वाटतं की मग बदललं काय? इथे दोन गोष्टींतला फरक कळला की अर्धं ब्रेक्झिट कळतं. कस्टम्स युनियन आणि मुक्त व्यापार करार.

कस्टम्स युनियनमध्ये सगळ्या देशांचं बाहेरच्या जगासाठी एकच शुल्क असतं. चीनचा टीव्ही रॉटरडॅमला उतरो की हॅम्बर्गला, कर सारखाच. म्हणून एकदा आत आल्यावर तो कुठून आला हे विचारायची गरजच पडत नाही. जीएसटी येण्याआधीचे दिवस आठवा. मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकची रांग असायची, मुंबईत शिरण्यासाठी. २०१७ मध्ये जकात गेली आणि तो थांबाच गेला. ब्रिटन उलट दिशेने गेला.

मुक्त व्यापार करारात मात्र दोन्ही देशांची बाहेरच्यांसाठीची शुल्कं वेगवेगळी. मग पळवाट अशी, की ज्या देशात शुल्क कमी तिथे माल उतरवायचा आणि तिथून दुसरीकडे शून्य शुल्काने पाठवायचा. ती बंद करायला प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं: बाई, तू मूळची कुठली? याला रूल्स ऑफ ओरिजिन म्हणतात. शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपात "बनलेल्या" मालाला.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे पर्सी पिग. मार्क्स अँड स्पेन्सर विकतं ती डुकराच्या तोंडाच्या आकाराची गुलाबी गोळी. ती बनायची जर्मनीत. तिथून ब्रिटनच्या गोदामात यायची आणि तिथून डब्लिनच्या दुकानात. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं की आता या गोळीवर आयर्लंडमध्ये शिरताना शुल्क लागू शकतं. जर्मनीत बनलेली, आयर्लंडमध्ये विकायची, दोन्ही देश संघात. मग शुल्क कसं? कारण ब्रिटनमध्ये तिच्यावर काही प्रक्रियाच झाली नाही, म्हणून ती ब्रिटिश नाही. आणि एकदा संघाबाहेर पडून परत येतेय, म्हणून युरोपीय असल्याचा फायदाही नाही.

गोळ्यांचं सोडा, गाड्यांचं बघा. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग असते ती बॅटरी, आणि ती बऱ्याचदा येते आशियातून. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त किंमत बाहेरची असेल तर गाडी "ब्रिटिश" राहत नाही आणि १० टक्के शुल्क बसतं. २०२४ पासून हा नियम कडक होणार होता. ब्रिटनमधल्याच नाही, जर्मनीतल्या कंपन्याही घाबरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये, अगदी शेवटच्या आठवड्यांत, सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली.

आणि खाण्याच्या वस्तूंचं तर विचारूच नका. मांस, चीज, मासे पाठवायचे तर पशुवैद्याची सही असलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं. मोठ्या कंपनीला हे जमतं, कारण पूर्ण ट्रक एकाच मालाचा, एकाच प्रमाणपत्रात भागतो. लहान धंदेवाला पाच-सहा जणांच्या मालाबरोबर ट्रकमधली थोडी जागा घेतो. त्यातल्या एकाच्या कागदावर चूक असली तर अख्खा ट्रक उभा. शेजाऱ्याचं चीजही त्यात खराब होणार. मग गाडीवाला म्हणतो, लहान पार्सलं नकोच. शुल्क टक्क्यांत असतं, मालाच्या किमतीप्रमाणे कमीजास्त होतं. कागदाचा खर्च मात्र शंभर पौंडांच्या मालाला आणि लाख पौंडांच्या मालाला जवळपास सारखाच.

सगळ्यात वाईट फटका बसला तो कालवं आणि शिंपले काढणाऱ्यांना. ब्रिटनच्या बऱ्याच किनाऱ्यांचं पाणी ब वर्गातलं. तिथली जिवंत शिंपली आधी थेट युरोपात जायची आणि तिथे स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शुद्ध व्हायची. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन "तिसरा देश" झाला आणि शुद्ध न केलेली शिंपली तिसऱ्या देशातून घेत नाही, असं युरोपने सांगितलं. समुद्र तोच, पाणी तेच, शिंपली तीच. फक्त ती काढणारा ज्या रकान्यात बसतो तो बदलला. या धंद्यांकडे कर लावून सुटायचा पर्यायही नव्हता, दारच बंद.

गंमत म्हणजे युरोपने पहिल्या दिवसापासून तपासणी सुरू केली, आणि "सीमा आमच्या ताब्यात हव्यात" म्हणणाऱ्या ब्रिटनने स्वतःच्या आयातीची तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. खाद्यपदार्थांची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली ती ३० एप्रिल २०२४ ला. कारण साधं आहे, तपासणीचा खर्च शेवटी ब्रिटिश गिऱ्हाईकाच्याच बिलात येणार होता.

एकूण हिशेब काय? ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा, ओबीआरचा, अंदाज असा की दीर्घकाळात देशाची आयात आणि निर्यात दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी. हा अंदाजच आहे, मधे कोविड आणि युक्रेन युद्ध आल्यामुळे वेगळं मोजणं कठीण. पण दिशा बघा.

इथपर्यंत पैशाची गोष्ट होती. उत्तर आयर्लंडमध्ये प्रश्न जिवाचा होता. आयर्लंड बेटावर दक्षिणेला आयर्लंड देश, तो संघात. उत्तरेला उत्तर आयर्लंड, तो ब्रिटनचा भाग. मधे सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, दोनशेहून जास्त ठिकाणी ओलांडता येणारी. काही रस्ते दर थोड्या मैलांवर देश बदलतात. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या लष्करी चौक्या गेल्या. दोन्ही देश एकाच संघात असल्यामुळे कस्टम्सच्या चौकीची गरजही उरलेली नव्हती.

आता ब्रिटन बाहेर पडला म्हणजे ही सीमा युरोपीय संघाची बाहेरची सीमा झाली. तिथे तपासणी नको, कारण चौकी उभी राहिली की तिच्यावर हल्ला होणार अशी रास्त भीती. मग तीनच रस्ते. एक, जमिनीवर तपासणी. दोन, अख्ख्या ब्रिटनने युरोपच्या शुल्काशी आणि नियमांशी जोडून राहायचं. तीन, तपासणी समुद्रात हलवायची, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये. थेरेसा मे दुसऱ्याच्या जवळ गेल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये संसदेत २३० मतांनी हरल्या. जॉन्सननी तिसरा घेतला. म्हणजे वस्तूंपुरतं उत्तर आयर्लंड आजही युरोपच्या बाजारात आहे आणि लिव्हरपूलहून बेलफास्टला सॉसेज पाठवणं ही कागदपत्रांची बाब झाली. ब्रिटनशी एकनिष्ठ असणाऱ्या युनियनिस्टांना वाटलं, आपल्याच देशाने आपल्याला परकं केलं. त्यांच्या डीयूपी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तिथलं सरकारच चालू दिलं नाही. २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी लेन आणि पुढे दक्षिणेला जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल लेन काढली. आता तिथल्या दुधाच्या बाटलीवर "युरोपीय संघासाठी नाही" असं छापलेलं दिसतं. एखादा हुशार माणूस ॲप काढून ही सीमा गायब करेल असं तेव्हा बरेच नेते सांगत होते. तंत्रज्ञानाने कागद पटकन सरकतो हो, पण डब्यातलं मांस उघडून बघायचं की नाही हे ॲप ठरवत नाही.

माणसांचंही तेच झालं, आणि इथे आपल्या जवळची माणसं आहेत. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर ब्रिटनला गेले, स्विंडनमध्ये तर मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज म्हणजे युरोपीय, म्हणून व्हिसा नको, परवाना नको. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जो तिथे राहायला गेला होता त्याचा हक्क टिकला, पण आपोआप नाही. ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून, वास्तव्य सिद्ध करून दर्जा घ्यायचा. आणि तो दर्जा पासपोर्टवरचा शिक्का नव्हे, ऑनलाइन नोंद. घरमालकाला, मालकाला कोड काढून दाखवायचा. मोबाइलशी न जमणाऱ्या सत्तरीतल्या आजीने काय करायचं? आणि तोच पासपोर्ट घेऊन जो जानेवारी २०२१ मध्ये पहिल्यांदा गेला, त्याला इतर परदेशी माणसासारखा व्हिसा. एकाच घरातले दोन भाऊ, एका महिन्याच्या अंतराने दोन वेगळ्या कायद्यांत.

करारांचं काय, असंही विचारलं जातं. ब्रेक्झिट झालं म्हणून जुना करार मोडता येतो का? यावर एक सुंदर खटला आहे. युरोपची औषध नियामक संस्था लंडनच्या कॅनरी व्हार्फमध्ये २५ वर्षांच्या भाडेकरारावर होती, २०३९ पर्यंत. ब्रिटन संघातून बाहेर गेल्यावर संघाची संस्था तिथे कशी राहणार? ती ॲमस्टरडॅमला गेली आणि म्हणाली, परिस्थितीच बदलली, भाडेकरार संपला समजा. फेब्रुवारी २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, नाही. गैरसोय झाली म्हणून करार संपत नाही, भाडं भरा. शेवटी त्यांनी जागा पोटभाड्याने दिली. तेव्हा दुसऱ्या देशाच्या कंपनीबरोबर लांबचा करार करणाऱ्यांनो, देश संघ सोडेल तेव्हा काय, हे कलम आधीच लिहून घ्या.

आता मिळालं काय तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोलतोय. स्वतःचं व्यापारधोरण मिळालं. भारताशी २४ जुलै २०२५ ला जो करार झाला तो संघात राहून ब्रिटनला करताच आला नसता. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार आहे. त्याच वर्षी अमेरिकेने युरोपवर १५ टक्के शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनवर १० होतं. हे खरे फायदे आहेत. पण युरोप हा त्यांचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जवळचा गिऱ्हाईक आहे, आणि भूगोल कुठल्याच कलमाने बदलत नाही. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारासाठी मात्र काम वाढलं. रॉटरडॅम आणि लंडन आता दोन वेगळे बाजार, कीटकनाशकांच्या मर्यादा दोन्हीकडे वेगवेगळ्या बदलू शकतात, म्हणून दोन्हीकडच्या बघायच्या.

आणि आता चक्र उलटं फिरायला लागलंय. १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघाचं तत्त्वतः ठरलं की अन्न, प्राणी आणि वनस्पतींच्या बाबतीत ब्रिटन पुन्हा युरोपचे नियम पाळेल, ते बदलतील तसे बदलेल, आणि त्या नियमांचा अर्थ काय यावर शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. बदल्यात बहुतेक प्रमाणपत्रं आणि तपासण्या जातील. म्हणजे हापूसच्या पेटीवर कुठली कीड चालेल, कुठली नाही, हे परत मोठ्या प्रमाणात ब्रुसेल्सच ठरवणार. फरक एवढाच, की २०१४ मध्ये त्या टेबलावर ब्रिटनला मत होतं. आता म्हणणं मांडता येईल, मत नाही. त्याच दिवशी ब्रिटनने युरोपच्या मच्छीमारांना आपल्या पाण्यात २०३८ पर्यंत यायची मुभाही वाढवून दिली. इलेक्ट्रिक गाड्यांची सवलत मात्र ३१ डिसेंबर २०२६ ला संपते, तेव्हा जानेवारीत या विषयावर परत एक भाग करावा लागेल.